ठाणे-नवी मुंबईत कलाकार-खेळाडू सहज दिसतात ते कुठे आणि केव्हा? दिसल्यावर काय करायचं?

तलावपाळी (धागाकर्ता)

मुंबईत कोण कुठे दिसलं यावर धागे रग्गड आहेत, पण ते सगळे वांद्रे-जुहू-अंधेरीतच घुटमळतात. ठाणे आणि नवी मुंबईचं गणित वेगळं. इथे जिमच्या दारात कॅमेरे लावून कोणी बसलेलं नसतं, गाडीमागे बाइकवरून फोटोग्राफर धावत नाहीत. त्यामुळे इथे रस्त्यावर उतरलेला कलाकार दिसण्यासाठी उतरलेला नसतो. पायात साधी चप्पल, हातात कापडी पिशवी, कानाला फोन. म्हणूनच शेजारून गेला तरी निम्म्या लोकांना पत्ता लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच की हे नशिबावर सोडू नका, त्यांच्या कामाचं वेळापत्रक बघा. माणूस जिथे कामाला येतो तिथेच चहा पितो, तिथेच औषधं घेतो आणि तिथेच रिक्षा शोधतो.

सगळ्यात पक्की जागा म्हणजे नाट्यगृह. मासुंदा तलावाच्या काठचं गडकरी रंगायतन (१९७८ पासूनचं), हिरानंदानी मेडोजमधलं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीला सेक्टर १६ए मधलं विष्णुदास भावे, पनवेलचं वासुदेव बळवंत फडके. मालिकेतला जो चेहरा रोज रात्री घरात दिसतो तो शनिवार-रविवारी यापैकी कुठेतरी उभा असण्याची शक्यता दांडगी.

पेपरातली नाटकाची जाहिरात नीट वाचायला शिका. एकाच चौकटीत 'दु. ४ गडकरी, रात्रौ ८.३० भावे' असं असेल तर त्या दुपारी थांबण्यात अर्थ नाही. पडदा पडला की सेट उतरवून टेम्पोत भरायचा, वाशी गाठायची, तिथे तोच सेट पुन्हा उभा करायचा. अशा दिवशी कलाकार बोलला तरी त्याचं लक्ष घड्याळाकडे. दिवसात एकच प्रयोग, तोही दुपारचा, असा रविवार धरा. साडेचारचा खेळ सातच्या आसपास संपतो आणि नंतर कोणाला कुठे पळायचं नसतं. रात्रीचा प्रयोग अकराला सुटतो. तेव्हा कलाकार दमलेले असतात, बस बाहेर उभी असते आणि व्यवस्थापक एकेकाला हाका मारत असतो.

धाग्याचा एकच नियम. घराचा पत्ता, सोसायटीचं नाव, गाडीचा नंबर, मुलांची शाळा, डॉक्टर, यातलं काहीही लिहू नये. सार्वजनिक जागा आणि कामाच्या जागा एवढंच.

---

रंगपट

धागा आवडला. दोन गोष्टी जोडतो.

लोक प्रयोगाच्या आधी मागच्या दाराशी उभे राहतात. ही सगळ्यात चुकीची वेळ. सेटचा टेम्पो साधारण तीन तास आधी लागतो, कलाकार तास-दीड तास आधी यायला लागतात. त्यातले दोन आलेले असतात, दोन घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या घाटात अडकलेले असतात. मीरारोडच्या बाजूला सकाळचं शूटिंग उरकून जो ठाण्याला प्रयोगाला निघतो त्याचं सगळं गणित त्या घाटावर अवलंबून. तो धावत आत शिरतो तेव्हा त्याला मेकअप, कपडे आणि माइक हे सगळं अर्ध्या तासात उरकायचं असतं. तुम्ही त्या क्षणी 'एक फोटो' म्हणालात तर हसून पुढे जाईल, आणि तुम्ही घरी येऊन लिहाल की फार माज आहे.

मध्यंतरही नको. पंधरा मिनिटं म्हणतात, पण त्यातली पाच घामाचे कपडे बदलण्यात जातात, पाच चहात आणि उरलेली 'तो प्रवेश आज का घसरला' यावर. गडकरीला मध्यंतरात बटाटेवड्याची रांग धरा, ते जास्त फलदायी आहे.

प्रयोगानंतर दहा मिनिटं थांबा. मग रंगपटाच्या (मेकअपच्या खोलीच्या) बाहेर जो माणूस वह्या-चिठ्ठ्या घेऊन उभा असतो (व्यवस्थापक किंवा बॅकस्टेजचा मुलगा) त्याला सांगा, 'चार जण आहोत, भेटून लगेच निघतो.' आकडा सांगितला की त्यालाही बरं पडतं. मराठी नाटकात प्रेक्षकाने आत येऊन दोन शब्द सांगणं हा भोचकपणा धरत नाहीत, ती रीतच आहे. फक्त दार स्वतः ढकलू नका, आत कपडे बदलणं चालू असतं. आणि सगळे मुख्य कलाकाराभोवती गोळा होतात तेव्हा दोन छोट्या भूमिका करणारा शेजारीच पिशवी भरत असतो. त्याला त्याच्या प्रवेशाबद्दल एक वाक्य बोला. पुढच्या वेळी तोच तुम्हाला आत घेऊन जाईल.

---

नवीन_पालवी

वाखुसा (वाचनखूण साठवली)! पण मूळ अडचण वेगळी आहे. समोर आले तरी ओळखूच येत नाहीत. आणि ज्याला ओळखलं असं वाटतं तो भलताच निघतो. काही खुणा आहेत का?

---

बेस_नंबर_दोन

आहेत. पण आधी का ओळखू येत नाहीत ते बघू.

पडद्यावर उंची कळत नाही. दोन माणसांच्या फ्रेममध्ये बुटका असेल त्याला पाटावर उभा करतात, कॅमेरा थोडा खाली लावतात. मग प्रत्यक्षात 'अरे, एवढासा?' असं होतं. दुसरं म्हणजे कॅमेऱ्यात माणूस थोडा भरलेला दिसतो, म्हणून समोरासमोर चेहरा अपेक्षेपेक्षा लहान आणि हडकुळा वाटतो. तिसरं, स्त्री कलाकारांच्या भुवया, पापण्या, ओठांची कड हे सगळं रेखलेलं असतं. ते पुसलं की चेहऱ्याची 'सही' निघून जाते. ज्येष्ठ भूमिका करणाऱ्या बाई मुळात चाळिशीच्या असू शकतात, केसांना पांढरा रंग मारलेला असतो. सासू म्हणून ज्यांना शोधताय त्या जीन्समध्ये तुमच्या पुढे उभ्या असतील.

म्हणून चेहरा सोडा, तीन गोष्टी पकडा.

आवाज. हा बदलत नाही. मेडिकलच्या दुकानात पाठमोरा माणूस 'दहाची पट्टी द्या' म्हणाला आणि तुम्ही दचकलात तर बहुधा तोच. नाटकवाल्यांचा तर हमखास, कारण शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय दुकानातही सुटत नाही. शब्दाचा शेवट खात नाहीत.

चाल आणि हात. बोलताना हनुवटी कशी फिरते, कान कसे आहेत. केशरचना बदलते, कान बदलत नाहीत.

कामाच्या खुणा. पॅकअपनंतर घाईत निघालेल्या माणसाच्या कॉलरच्या आतल्या कडेला मेकअपच्या बेसचा पिवळट-तपकिरी पट्टा राहतो. कानामागे आणि केसांच्या मुळांशीही. मेकअप तेलाने किंवा वाइप्सने उतरवतात, पण काजळ खालच्या पापणीत राहतंच. मिशी चिकटवणाऱ्याच्या वरच्या ओठावर स्पिरिट गमने आलेली लाली असते, नाकाखाली बारीक पापुद्रे निघतात. ऐतिहासिक मालिका करणारे खरी दाढी-मिशी राखतात, तेव्हा टीशर्ट-बर्म्युडावर पिळदार मिशा आणि मानेपर्यंत केस असा माणूस वाणसामान घेताना दिसला तर विचार करा. मालिकेत लग्न चालू असेल तर ऐन आषाढात नायिकेच्या कोपरापर्यंत मेंदी असते. ही खूण फार कमी लोक वापरतात आणि ती फार पक्की आहे.

तरीही शंका असेल तर 'तुम्ही अमुक ना?' असं थेट विचारू नका. चुकलं तर दोघांची पंचाईत. 'नमस्कार' म्हणा आणि थांबा. कलाकाराला अनोळखी नमस्काराची सवय असते, तो सहज हसून उत्तर देतो. दुसरा कोणी असेल तर आठवायला लागतो की हा कोण.

---

मधल्या_रांगेतून

कॉलरचा पट्टा! दंडवत घ्या.

बोलण्याबद्दल. भूमिकेच्या नावाने हाक मारू नये. खलनायिका करणाऱ्यांना तर भर बाजारात 'का हो त्या पोरीला छळता' ऐकावं लागतं. पहिल्या वेळी गंमत असते, शंभराव्या वेळी नाही. खरं नाव आठवत नसेल तर नाव घेऊच नका. सर, मॅडम चालतं. ताई, दादाही ठाण्यात खपतं. 'काका' मात्र फार जपून, विशेषतः ज्यांचं वय पडद्यावर तीस चालू आहे त्यांना.

'सध्या काय करताय?' हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो, कलाकाराला तो 'काम नाही का?' असा ऐकू येतो. मालिका संपून दोन महिने झालेल्या माणसाला तर नकोच. 'ओळखलंत का, मागे भेटलो होतो' हेही नको. तो बिचारा हो म्हणणार, खोटं.

काय बोलावं? एक नेमकं वाक्य. 'दुसऱ्या अंकात तुम्ही चिठ्ठी न वाचता खिशात ठेवता, तिथे थिएटर गप्प झालं होतं.' संपलं. यावर तो दोन मिनिटं बोलेल. 'तुमचं काम खूप आवडतं' यावर त्याला फक्त 'थँक यू' म्हणता येतं.

---

वाघबीळ_नाका

शूटिंगचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

कापूरबावडी सोडलं की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, भाईंदरपाडा आणि पुढे घाट ओलांडून काशिमीरा. या सगळ्या पट्ट्यात आणि येऊरच्या पायथ्याला बंगले, गोदामं, मोकळे प्लॉट शूटिंगला भाड्याने जातात. शोधायला जासूस व्हायची गरज नाही. मुख्य रस्त्यावरून आत वळताना खांबावर बाण काढलेला कागद डकवलेला असतो, त्यावर मालिकेच्या किंवा निर्मिती संस्थेच्या नावाची अक्षरं. तो युनिटच्या गाड्यांसाठी. आत गेलात की आधी जनरेटरची गाडी ऐकू येते, मग व्हॅनिटी (कलाकारांच्या मेकअपची गाडी) दिसते. व्हॅनिटीच्या दारावर कागद असतो, त्यावर बहुतेक वेळा भूमिकेचं नाव.

मालिकेची शिफ्ट बारा तासांची, बहुधा नऊ ते नऊ किंवा सात ते सात. दुपारी एक-दीडला जेवणाची सुट्टी. त्या तासाभरात कलाकार जवळच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात, एटीएमवर आढळतात, अंगावर भूमिकेचे कपडे आणि वर स्वतःचा शर्ट टाकलेला. पण त्यांना झोपही याच वेळेत काढायची असते, हेही लक्षात असू द्या. रस्त्यावरच्या शूटिंगमध्ये दोन टेकच्या मध्ये लाइट बदलताना दहा-पंधरा मिनिटं जातात. काही विचारायचं तर तेव्हा, आणि तेही आधी प्रॉडक्शनच्या माणसाला.

आता काय बिघडतं ते. संवाद तिथल्या तिथे ध्वनिमुद्रित होतात. 'रोलिंग' ऐकू आल्यावर तुमच्या खिशातला फोन वाजला तर टेक गेला, आणि पन्नास माणसं तुमच्याकडे वळून बघतात. दुसरं, 'लुकमध्ये' उभं राहू नका. लुक म्हणजे कलाकाराची नजर ज्या रेषेत आहे ती जागा. तुम्ही फ्रेममध्ये नसलात तरी त्याच्या नजरेत असता आणि तो वाक्य विसरतो. असिस्टंट 'लुक क्लिअर करा' ओरडला की तुम्हालाच सांगतोय असं समजून कॅमेऱ्याच्या मागे जा. तिसरं, फोनने चित्रण नाही. लग्नाच्या साडीतला एक फोटो बाहेर गेला की कथेतलं पुढच्या पंधरवड्याचं वळण फुटतं, म्हणून तिथले लोक एवढे चिडतात. त्यात उगाच मोठेपणा नसतो.

---

सानपाडा_पाच

ठाणेकरांनी आपलंच घोडं दामटलंय. खाडीच्या या बाजूचं लिहितो.

नवी मुंबईत नाटकापेक्षा क्रिकेट जास्त. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली सुरू झालं, पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथलाच. २ नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला तोही इथेच. पण असल्या मोठ्या सामन्याला खेळाडू 'दिसत' नाहीत, बसच्या काळ्या काचा दिसतात. जवळून बघायचे असतील तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला होणारी डी. वाय. पाटील टी-२० स्पर्धा बघा. कंपन्या आणि सरकारी खात्यांचे संघ असतात, आणि दुखापतीतून परतणारे मोठे खेळाडू सराव म्हणून त्यात उतरतात. हार्दिक पंड्या २०२० मध्ये असाच रिलायन्स वनकडून खेळला आणि एका सामन्यात नाबाद १५८ ठोकल्या. प्रेक्षक मोजके. सीमारेषेवर उभा राहिलेला क्षेत्ररक्षक दोन षटकांच्या मध्ये मागे वळून बघतो, तेवढ्यात एक नमस्कार होतो. सही मागायची तर डाव संपल्यावर, आणि जो बाद होऊन आलाय त्याच्याकडे नको.

घणसोलीला रिलायन्सच्या आवारात मुंबई इंडियन्सचा सराव चालतो, पण ते खासगी आवार आहे. फाटकाशी उभं राहून उन्हाशिवाय काही मिळत नाही.

पामबीच रस्ता: पहाटे सायकलवाले आणि धावणारे. हेल्मेट-गॉगलमध्ये कोणी ओळखू येत नाही आणि ओळखलं तरी थांबवू नका, नाडी एकशे साठला असते. जाहिरातींचं चित्रण तिथे उजाडताना चालतं, आठनंतर वाहतुकीमुळे गुंडाळतात.

नवा विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली. तिकीट असेल तरच आत, त्यामुळे नुसतं बघायला जाऊ नका. पण प्रवासाला निघालाच असाल तर एक लक्षात घ्या. टोपी-मास्कवाला माणूस दारावरच्या ओळखपत्र तपासणीला मास्क काढतो, कारण जवान चेहरा बघितल्याशिवाय सोडत नाही. नंतर सामानाच्या पट्ट्यापाशी शोधाल तर बहुधा त्याचा मदतनीस दिसेल, तो स्वतः गाडीत बसलेला असतो.

---

तलावपाळी

सानपाडा, भारी माहिती. अवांतर: मुलुंड, ऐरोली, वाशीच्या टोलनाक्यांवर पूर्वी बाजूच्या रांगेतल्या गाडीत कोण बसलंय ते आरामात दिसायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला आणि ही सोयही गेली. टोल माफ झाल्याचं दुःख वाटणारा मी एकटाच असेन.

---

घंटाळी_रोड

मला एक दोन अभिनेत्यांच्या इमारती माहीत आहेत, त्यातली एक म्हणजे

(प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

घंटाळी_रोड

सॉरी, नियम नंतर वाचला. पण पनवेलचं सलमानचं फार्महाऊस तर सगळ्या जगाला माहीत आहे, त्यात काय लपवायचं? रविवारी तिकडे चक्कर मारली तर?

---

कलम_पेन

लपवायचं काही नाही, पण चक्कर मारू नका. एप्रिल २०२४ मध्ये वांद्र्याच्या घराबाहेर गोळीबार झाला, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत नवी मुंबई पोलिसांनी या फार्महाऊसची रेकी (हल्ल्याआधीची टेहळणी) केल्याच्या आरोपावरून काही जणांना पकडलं. त्या रस्त्यावर गाडी थांबवून फाटकाचं चित्रण करणारा हौशी चाहता आणि रेकी करणारा यांत पोलिसांना लांबून फरक दिसत नाही. चौकीत बसून फोन तपासून घेण्यात रविवार जाईल.

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक रस्त्यावर एखादा फोटो काढला तर तेवढ्याने गुन्हा होत नाही. पण:

पाठलाग. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ (१ जुलै २०२४ पासून लागू, जुन्या दंड संहितेतलं ३५४ड). स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही तिच्या मागे मागे जाणं, पुन्हा पुन्हा संपर्क करणं, ऑनलाइन पाळत ठेवणं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. 'मी फॅन आहे' हा बचाव त्यात नाही. मॉलमध्ये एका दुकानातून दुसऱ्या दुकानात अभिनेत्रीच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणारे या कलमाच्या किती जवळ असतात ते त्यांना ठाऊक नसतं.

खासगी क्षण. ट्रायल रूम, स्वच्छतागृह, व्हॅनिटीची खिडकी, इथे एखाद्या स्त्रीवर कॅमेरा रोखला तर कलम ७७. तिथे प्रसिद्धी-बिसिद्धी काही बघत नाहीत.

धंद्यासाठी वापर. हे हॉटेलवाल्यांसाठी. ग्राहक म्हणून आलेल्या कलाकाराबरोबरचा फोटो गल्ल्यामागे लावला तर सहसा कोणी काही म्हणत नाही. तोच फोटो फलकावर 'आमची पसंती' म्हणून छापलात तर तो त्याच्या नावाचा, चेहऱ्याचा व्यापारी वापर. अनिल कपूरच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये आणि अरिजित सिंहच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये असे वापर थांबवणारे आदेश दिलेत. हसत फोटोला उभं राहणं म्हणजे जाहिरातीला संमती नव्हे.

---

रंगपट

यावरून आठवलं, मिसळीच्या आणि वड्याच्या दुकानांत भिंतीवर कलाकारांचे फोटो बघून लोक तिथे ताटकळत बसतात. त्या भिंतीवरून कोण येऊन गेलं ते कळतं, कोण येणार ते नाही. आणि खाताना कोणी सापडलाच तर हात पुसून होईपर्यंत थांबा. तर्री लागलेल्या बोटांनी कोणाला फोटो हवा असतो?

मूल सोबत असेल तर नाही. हॉस्पिटलच्या आवारात नाही. स्मशानात तर नाहीच नाही, हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

---

नवीन_पालवी

आणि ते दहीहंडीला येतात, दुकानाच्या उद्घाटनाला येतात, ते यात धरायचं का?

---

मधल्या_रांगेतून

नाही, ती सुपारी. पैसे घेऊन ठरलेल्या वेळेला यायचं, हात हलवायचा, दोन वाक्यं बोलायची, जायचं. ठाण्यात दहीहंडीला हिंदी-मराठी तारे एका व्यासपीठावरून दुसऱ्या व्यासपीठावर जातात, त्यात दिवसाचं वेळापत्रक मिनिटांचं असतं. गर्दीत तुम्हाला दिसतो तो बाऊन्सरच्या खांद्यावरचा एक हात. पाडव्याची स्वागतयात्रा मात्र मधली. कौपिनेश्वर मंदिरापासून निघते तेव्हा कित्येक कलाकार साधे सामील होऊन चालतात. तिथे चालता चालता बोलता येतं, फक्त थांबवून यात्रा अडवू नये.

---

फिक्स_लेन्स

फोटोचं मी सांगतो, कारण दहातले आठ हलतात.

विचारण्याआधी फोन उघडून कॅमेरा चालू करून ठेवा. 'हो' म्हटल्यावर पासवर्ड, मग स्टोरेज फुल्ल, मग सेल्फीकडे वळवणं, यात तीस सेकंद जातात आणि तेवढ्यात मागे सहा जण गोळा होतात. भिंग शर्टाच्या सुती भागाने पुसा. खिशातल्या तेलकट भिंगामुळे मागच्या दिव्यांचे लांब पट्टे येतात.

गडकरीबाहेर रात्री दिवे डोक्यावर आणि पाठीमागे. दिव्याकडे पाठ करून उभे राहिलात तर दोघांचे चेहरे काळे. दिव्याकडे तोंड करा. फोनचा नाइट मोड आपोआप चालू होतो आणि एक ते तीन सेकंद उघडा राहतो. कलाकार तेवढ्यात मान वळवतो आणि नाक दोन येतात. नाइट मोड बंद करा, फोनच्या पडद्यावरच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, लागोपाठ तीन-चार काढा. एकात तरी डोळे उघडे मिळतात. फ्लॅश नको, प्रयोगानंतर चेहऱ्यावर तेल असतं, ते चकाकतं.

शक्यतो सेल्फी टाळा. तिसऱ्या माणसाला फोन द्या, मागचा कॅमेरा चांगला असतो. घोळका असेल आणि रुंद भिंग लावलंत तर कलाकाराला मध्ये उभं करा, कारण कडेला डोकं ताणून भोपळ्यासारखं होतं. खांद्यावर हात टाकू नये, विशेषतः बायकांच्या. तुमचे हात पुढे बांधलेले बरे.

आणि टाकण्याची घाई नको. माणूस तिथून निघून गेल्यावर, शक्य तर दुसऱ्या दिवशी टाका. 'आत्ता इथे आहेत' असं लिहिलंत की दहा मिनिटांत गर्दी, आणि ते पुन्हा त्या दुकानात येत नाहीत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर त्यातली जागेची नोंद निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर अक्षांश-रेखांशासकट जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवलं की प्रश्नच नाही. मागे गाडीची पाटी दिसत असेल तर कापा.

---

सानपाडा_पाच

सही घ्यायची असेल तर कशावर? हल्ली वही कोणी बाळगत नाही, लोक तिकिटावरच घेतात.

---

बेस_नंबर_दोन

तिकीट छापील जाड कागदाचं असेल तर घ्या. मशीनमधून निघालेलं चकचकीत पातळ तिकीट असेल तर नको. तो थर्मल कागद आहे, त्यावर शाई नसते, उष्णतेने अक्षरं उमटतात. पाकिटात ठेवलंत तर काही महिन्यांत नाटकाचं नाव, तारीख, आसन सगळं उडतं आणि कोऱ्या चिठोऱ्यावर एकटी सही उरते. आणि जपायचं म्हणून लॅमिनेट करायला गेलात तर मशीनच्या उष्णतेने अख्खं तिकीट काळं होतं, सहीसकट.

पिशवीत पोस्टकार्डाएवढा एक जाड पांढरा कार्डपेपर आणि बारीक टोकाचा परमनंट मार्कर ठेवा. बॉलपेन उभ्याने, हातावर धरून चालत नाही, आणि जेल पेनची शाई घामाच्या हाताने फरफटते. मार्करचं टोपण काढून द्या, आणि सही झाल्यावर अर्धा मिनिट कार्ड पिशवीत टाकू नका. तारीख आणि नाट्यगृहाचं नाव मागे स्वतः लिहा, कलाकाराला लिहायला लावू नका, मागे रांग असते.

---

नवीन_पालवी

लॅमिनेट केलं होतं हो… काळं झालंय. मुळात कोणाची सही होती हेही आता सांगता येत नाही.

---

रंगपट

येत्या रविवारी जाहिरात बघा, दिवसात एकच प्रयोग असेल तर कार्डपेपर घेऊन या.